संकासुराची बोली

नोव्हेंबरच्या 5 तारखेस आपण मराठी रंगभूमि-दिन पाळतों. 1843 सालीं त्या दिवशीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ हें नाटक केलें, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु त्या नाटकाची प्रेरणा कोठून आली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आदल्या वर्षीं कर्नाटकांतील भागवत मंडळी सांगलीस येऊन खेळ करून गेली होती. ते खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनीं, असें कांहीं मराठींत करून दाखवावें, अशी आज्ञा भाव्यांस केली. म्हणजे ज्या रंगभूमीचा आपण अभिमान वाहतों, ती गांवोगांव देवळांपुढें रात्रभर चालणाऱ्या खेळांच्या कुळांत जन्मली. नात शहरांत वाढली, विलायती रीतिरिवाज शिकली. पण त्या कुळांतील एक आजी अद्याप हयात आहे व ती कोंकणांत राहते. तिचें नांव दशावतार.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ, मालवण या तालुक्यांत आणि गोव्यांतील पेडणें, डिचोली, सत्तरी या भागांत कार्तिकापासून ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात. जत्रा म्हटली कीं रात्रीं दशावतार हा ठरलेलाच. त्यासाठीं फारसें साहित्य लागत नाहीं. देवळासमोरची मोकळी जागा, एक बांकडें, आणि हार्मोनियम, मृदंग व झांज घेऊन बसलेली मंडळी, एवढें पुरतें. तें एकच बांकडें राजाचें सिंहासन होतें, ऋषीचें आसन होतें, आणि प्रसंग पडल्यास पर्वतहि होतें. प्रथम आडदशावतार. नाईक म्हणजे सूत्रधार गातो. गणपति येतो, ऋद्धिसिद्धि येतात, पूजा सांगणारा भटजी येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग वेद पळविणारा संकासुर येतो, आणि अखेर विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. त्यानंतर पुराणांतील एखादें आख्यान. स्त्रियांचीं कामें पुरुषच करतात. पहांटे हंडी फुटून दहिकाला होतो. म्हणून गांवकरी या खेळालाच ‘धयकालो’ म्हणतात. वेषभूषेचा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पायीं जात, तो काळ गेला व मोटारी आल्या. पेटाऱ्याविषयींचा पूज्यभाव मात्र तसाच आहे.

हा खेळ किती जुना? श्यामजी नाईक काळे यांनीं तो 1728 सालीं दक्षिणेकडून कोंकणांत आणला, अशी परंपरागत समजूत आहे. परंतु समर्थ रामदासांनीं सतराव्या शतकांतच देह ठेविला, आणि त्यांच्या दासबोधांत दशावतारी खेळाचा उल्लेख स्पष्ट आहे. त्या खेळांत ज्या सुंदर स्त्रिया दिसतात त्या वास्तविक दांडगे पुरुष असतात, हा दृष्टांत समर्थांनीं वरवर दिसणाऱ्या रूपास भुलूं नये म्हणून घेतला आहे. श्रोत्यांस जी गोष्ट परिचित नाहीं तिचा दृष्टांत कोणी देत नाहीं. तेव्हां काळ्यांनीं कोंकणांतील खेळास नवें वळण लाविलें असेल. पण खेळ त्यांच्या आधींच महाराष्ट्रास ठाऊक होता, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

आतां या खेळाच्या भाषेकडे वळूं. कारण आजच्या लेखाचा विषय तोच आहे. आख्यानांतील देव, राजे, ऋषि हे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. ती त्यांस कोणी लिहून दिलेली नसते. कथानक ठरतें, कोणीं कोणतें काम करावयाचें तें ठरतें, आणि भाषणें नट उभ्या जागीं रचतात. ज्यांच्या शाळेचीं वर्षें हाताच्या बोटांवर मोजण्याजोगीं, असे नट अर्धी रात्र अस्खलित समासयुक्त मराठी बोलत असतात. आणि त्याच बांकड्यापाशीं काळ्या पोषाखांतला, लोंबत्या तांबड्या जिभेचा संकासुर येतो, तो मात्र गांवच्या मालवणींत बोलतो. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’, ‘कित्याक’ हे त्याचे शब्द. सूत्रधार प्रश्न विचारतो, संकासुर वांकडें उत्तर देतो. त्यांत गांवांतला रस्ता येतो, पाण्याचा नळ येतो, निवडणूक येते, आणि कंदिलाखालीं असो कीं विजेच्या दिव्याखालीं असो, सारा गांव हंसतो. वेद चोरणारा दैत्य खरा, पण त्याच्याइतका आवडता दुसरा कोणी नाहीं. कारण सबंध खेळांत गांवाच्या स्वतःच्या तोंडची भाषा पोटभर बोलणारा तोच.

आपल्या सुशिक्षित घरांतून या बोलीस ‘अशुद्ध’ अथवा ‘ग्राम्य’ म्हणण्याचा प्रघात आहे. असें म्हणणाऱ्यांनीं भरतमुनींचें नाट्यशास्त्र एकवार पाहावें. भाषाविधानाच्या अध्यायांत भरतानें मागधी, अवंतिजा, प्राच्या, शौरसेनी, अर्धमागधी, बाल्हीका आणि दाक्षिणात्या अशा सात भाषा नाट्यासाठीं सांगितल्या, त्यांखेरीज शबर, आभीर इत्यादिकांच्या विभाषाहि सांगितल्या, आणि कोणत्या पात्रानें काय बोलावें तें ठरवून दिलें. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत ज्या कोळ्यास अंगठी सांपडते तो मागधींत बोलतो. मृच्छकटिकांतील शकारास तर स्वतःच्या नांवाचीच बोली मिळाली आहे. कालिदासास त्या कोळ्याच्या तोंडीं संस्कृत घालतां आलें नसतें असें थोडेंच आहे? पण मग तो कोळी कोळी राहिला नसता. राजा संस्कृत बोलतो आणि कोळी मागधी बोलतो, म्हणूनच दोघेहि खरे वाटतात. आपल्या दशावतारांत विष्णूचें भाषण व संकासुराचें भाषण यांत जो भेद आहे, तो त्याच जातीचा आहे.

भटजीविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. आडदशावतारांत पूजेसाठीं येणारा भटजी मोडकेतोडके मंत्र म्हणतो, दक्षिणेवर डोळा ठेवतो आणि सूत्रधाराकडून थट्टा करून घेतो. आपल्यापैकीं कांहीं वडीलधाऱ्यांस ही थट्टा रुचत नाहीं. परंतु संस्कृत नाटकांतील विदूषक कोण असतो? तोहि ब्राह्मणच, तोहि खादाड, आणि ब्राह्मण असूनहि तो प्राकृतांत बोलतो. ज्या परंपरेनें आपल्याच वर्गाची थट्टा राजसभेंत सहन केली, तिच्या वारसांनीं ती देवळाच्या अंगणांत सहन करण्यास हरकत नसावी. शिवाय ही थट्टा करणारा नट खेळापूर्वीं देवास नमस्कार करूनच उभा राहिलेला असतो, हेंहि ध्यानांत घ्यावें.

अलीकडे या खेळाविषयीं पुन्हां आस्था दिसूं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. 1980 सालीं गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ हें मालवणी नाटक मच्छिंद्र कांबळी यांनीं रंगभूमीवर आणलें. गांवकरी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचें नाटक बसवितात, एवढाच त्याचा विषय. पण त्याचे पांच हजारांहून अधिक प्रयोग झाले, आणि मुंबईंत मालवणी बोलण्यास संकोचणारा माणूस ती उघडपणें बोलूं लागला. 2025 सालीं ‘दशावतार’ नांवाचा मराठी चित्रपट आला. त्यांत दिलीप प्रभावळकर यांनीं एका वृद्ध दशावतारी नटाची भूमिका केली, आणि जत्रा कधीं न पाहिलेल्या प्रेक्षकांसहि हा खेळ कळला. हें सारें इष्टच आहे.

परंतु आस्था वाढली म्हणजे खेळ जगलाच, असें नव्हे. शहरांतील महोत्सवांत दशावतारास दोन-अडीच तास मिळतात. मग कात्री प्रथम कशास लागते? आडदशावतारास, कारण आख्यानाला कथा असते, आणि संकासुराच्या बोलण्यास कथा नसते. ज्यास गांव ठाऊक नाहीं, त्याला त्यांतील कोटीहि कळत नाहीं. गांवाकडेहि चमत्कृतीच्या ‘ट्रिकसीन’चें आकर्षण वाढलें आहे, धूर निघतो, दिवे लकाकतात, आणि शब्दांस तितका वेळ कमी मिळतो. नटांस दोष देण्याचें कारण नाहीं. प्रेक्षक ज्यास दाद देतो तेंच नट देतो. तेव्हां प्रश्न प्रेक्षकाचा आहे, म्हणजे आपला आहे.

लिहिलेल्या नाटकाची पोथी असते. मंडळी बुडाली, रंगमंदिर पडलें, तरी पोथी उरते, आणि शंभर वर्षांनीं कोणीहि तिचा पुन्हां प्रयोग करूं शकतो. दशावताराच्या भाषणांची पोथी नाहीं. तो नटाच्या जिभेवर व श्रोत्याच्या कानांत, अशा दोनच ठिकाणीं लिहिलेला असतो. त्यांतील एक जागा पुसली कीं दुसरी आपोआप पुसली जाते. संकासुरानें मालवणींत कोटी केली आणि पुढें बसलेल्या मुलानें आईस विचारलें, ‘तो काय म्हणाला?’ तर तेवढ्या मुलापुरता तो संकासुर मुका झाला. असे प्रश्न विचारणारीं मुलें आतां कोंकणांतल्याच गांवांत वाढूं लागलीं आहेत. आईबाप आपसांत मालवणी बोलतात व मुलांशीं पुस्तकी मराठी अथवा इंग्रजी बोलतात. मुलाच्या तोंडून ‘माका’ निघालें कीं त्यास टोकतात. त्यांचा हेतु चांगलाच असतो. पण त्यामुळें मूल नवी भाषा शिकण्याबरोबर जुन्या भाषेची लाजहि शिकतें.

याचा परिणाम काय होतो, हें संस्कृत नाटकांच्या इतिहासांत दिसून आलेलें आहे. आरंभीं नाटककारांनीं प्राकृत बोली लोकांच्या तोंडून उचलल्या. पुढें लोकांच्या बोली बदलल्या, आणि नंतरच्या नाटककारांस प्राकृत व्याकरण पाहून रचावी लागली. तिच्यांत जीव राहिला नाहीं. मग वाचकांच्या सोयीसाठीं प्राकृत वाक्यांखालीं त्यांची संस्कृत ‘छाया’ देण्याची पद्धति पडली. आज परीक्षेस बसणारा विद्यार्थी काय करतो? मूळ प्राकृत सोडून देतो आणि छायाच वाचतो. शकुंतला आपल्या सख्यांशीं ज्या भाषेंत बोलली, ती भाषा पानावर आहे, पण ती ऐकणारा कान नाहीं. मालवणीची, आणि तशाच इतर बोलींची, अशी गति होऊं नये. अनुवादासह छापलेला संकासुर ग्रंथालयांत शोभेल. जत्रेंत तो हंसवूं शकणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल, ‘बोलींचें इतकें कौतुक केल्यास शुद्ध मराठीचें काय होईल?’ ही शंका रास्त आहे, पण तिचें उत्तर खेळांतच आहे. दशावतारी नट विष्णु झाला कीं संस्कृतप्रचुर बोलतो, घरीं गेला कीं मालवणी बोलतो; एकीनें दुसरीस बाधा येत नाहीं. मुलास शाळेंत प्रमाण मराठी उत्तम यावी, लेखन निर्दोष यावें, याविषयीं दुमत नाहीं. परंतु ज्याला दोन वस्त्रें आहेत त्यानें एक जाळून टाकावें, असें कोणतें शास्त्र सांगतें? दुसरी शंका अशी कीं, संकासुराचें बोलणें कधीं कधीं सभ्यतेची मर्यादा ओलांडतें. ओलांडतें, हें खरें. पण अंगणांत आजी, सून, नातू सारीं बसलेलीं असलीं म्हणजे नट स्वतःच जीभ आवरतो. तीं उठून गेलीं म्हणजे त्याला आवरणारें कोणी राहत नाहीं. म्हणून सभ्य घरांनीं दूर राहणें हा त्यावरील उपाय नव्हे.

मग करावें काय? ज्यांचीं घरें कोंकणांत आहेत, त्यांनीं केवळ मे महिन्यांत आंब्यांसाठीं न जातां एखाद्या वर्षीं मार्गशीर्षांत जत्रेसाठीं जावें, आणि मुलांसह एक रात्र जागावी. आख्यानाच्या वेळेस पोंचूं नये. गणपति येण्यापूर्वीं जाऊन बसावें. मुलांस एखादी कोटी कळली नाहीं तर तेथल्या तेथें प्रमाण मराठींत भाषांतर करूं नये. शेजारीं बसलेल्या गांवकऱ्यास विचारूं द्यावें. तो अधिक चांगलें सांगेल. घरांत ज्या आजीस अथवा मामीस ही बोली येते, तिनें नातवंडांशीं ती मोकळेपणानें बोलावी, आणि सुनांनीं तीस ‘मुलें बिघडतील’ म्हणून अडवूं नये. ज्यांचीं घरें देशावर अथवा वऱ्हाडांत आहेत, त्यांच्याहि गांवांत अशी एखादी बोली व असा एखादा खेळ असेलच. पूर्व विदर्भांतील झाडीबोलींत दंडार आहे, तिची आठवण ठेवावी. आणि खेळ संपल्यावर नटांची तबकडी फिरेल तेव्हां तींत जें घालावयाचें तें हात आंखडून घालूं नये. रात्रभर जागून देव व दैत्य दोन्ही झालेला तो माणूस सकाळीं पुढच्या गांवीं जावयाचा असतो.