ज्वालामुखीच्या बेटावर एक दिवस

सातवीच्या वर्गात एका मुलीने मोबाइलवर पाहिलेली गोष्ट सांगितली. गॅलापागोस नावाची ज्वालामुखीची बेटे आहेत, लोक जहाजाने तिथे जातात, डोंगर चढतात आणि मोठमोठी कासवे बघतात. "टीचर, आपण कधी बघणार असं बेट?" आम्ही म्हणालो, "तू त्याच्यावरच राहतेस." सारा वर्ग हसला.

थट्टा नव्हती ती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सारे साष्टी बेटावर वसलेले आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला अरबी समुद्र. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, त्याचा हा खडक. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलीत ना? सुमारे 61 मीटर उंच, उभे खांब बांधून ठेवल्यासारखी. लाव्हा निवताना आकसला आणि तसा तडकला. आता चहूबाजूंनी इमारतींनी घेरली आहे बिचारी.

मग एका रविवारी मुलांना घेऊन आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. जहाज नाही, कान्हेरीपर्यंत बस. लेण्यांतला दगड मुलांनी हाताने चाचपला. तो एकसंध नाही, आत लहानमोठे तुकडे रुतलेले दिसतात. स्फोटात उडालेले तुकडे राखेत घट्ट बसून हा खडक झाला. त्याच खडकात शंभरावर लेणी, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पावसाच्या पाण्याचे टाके! आमच्या वस्तीत नळाला किती वेळ पाणी येते हे ठाऊक असलेली मुले त्या टाक्यांसमोरून हलेनात.

वाटेत चितळ दिसले. माकडांनी एका मुलाचा डबा पळवला; चूक त्याचीच, उघडा ठेवला होता.

बिबट्या दिसला नाही, पण बोलणे सारे त्याचेच. 2015च्या गणनेत या जंगलात व आसपास 35 बिबटे मोजले गेले. तेव्हा तीच मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, आमचा बकरा त्यानेच नेला." जंगलाच्या भिंतीला लागून घर. बकरी ईदच्या दोन दिवस आधी बकरा मागच्या बाजूला बांधला होता. अब्बांनी वर्षभर पैसे साठवून घेतलेला. त्या ईदला घरात कुणी नीट जेवले नाही.

आम्हाला काय बोलावे सुचेना. मात्र बिबट्या उगाच येत नाही. भिंतीपलीकडे आपण कचरा टाकतो, कातडी-आतडी टाकतो, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. त्याचे बरेचसे पोट कुत्र्यांवर भरते. ईदच्या दिवशी पालिकेची गाडी येते तरी पिशवी भिंतीवरून फेकणारे आमच्या ओळखीचे आहेत, हे लिहिताना लाज वाटते.

जनावर रात्री पक्क्या दाराआड ठेवा. अंधारात मुलांना एकटे पाठवू नका, बॅटरी द्या. बिबट्या दिसलाच तर गर्दी करून घेरू नका, वनखात्याला 1926 वर फोन करा.

परतताना मुलीने विचारले, "अब्बांना सांगू का, बिबट्यावर राग धरू नका?"

"आधी दार बसवायला सांग," आम्ही म्हणालो.

परवा तिने वहीत चित्र काढून दाखवले. लोखंडी दार, कडी, आत बकरा. बाहेर बिबट्याही काढला होता.