अंगदेशाचे कर्ज



2025 च्या ऑक्टोबरात अभिनेते पंकज धीर यांचे निधन झाले, पाठोपाठ दिवाळी आली, आणि आमच्या घरात कर्णाचा खटला पुन्हा एकदा सुनावणीस उभा राहिला. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’तील कर्ण म्हणजे पंकज धीर. 2 ऑक्टोबर 1988 रोजी ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि 94 भागांनंतर 1990 च्या जूनमध्ये संपली. त्या वेळी रविवारी सकाळी बाजारपेठेत कसा शुकशुकाट होत असे, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगावयास नको. घरातील तरुण मंडळींनी ती 2020 च्या टाळेबंदीत पाहिली आणि त्यांना कर्णाने आमच्याहूनही अधिक झपाटले.

धीर यांनी मुलाखतींतून सांगितलेली एक हकीकत मला फार आवडते. त्यांची निवड प्रथम अर्जुनाच्या भूमिकेसाठी झाली होती. बृहन्नडेच्या प्रसंगासाठी मिशी काढावी लागेल, असे सांगितल्यावर त्यांनी नकार दिला आणि त्या नकारापायी भूमिका गेली. पुढे काही काळाने त्यांनाच कर्ण म्हणून बोलावणे आले. मिशीपायी अर्जुनपद घालविणारा माणूस कर्णाच्या वाट्याला यावा, हा योग मजेदार खरा.

लाडवांची ताटे रिकामी होईपर्यंत खटला रंगला. धाकट्या बंधूंच्या सूनबाईंचे म्हणणे, कुंतीने वेळीच तोंड उघडले असते तर पुढचे काहीच घडले नसते. माझ्या नातवाचा सारा राग परशुरामांवर. मांडीचे रक्त वाहत असताना गुरूंची झोपमोड होऊ नये म्हणून जो हलला नाही, त्याला शाप कसा देता येतो, हा त्याचा सवाल. (त्याच्या शाळेतील एका गुरुजींशी याचा संबंध असावा, असा मला संशय आहे.) तिसऱ्या एकाने द्रौपदीला आरोपीच्या पिंजऱ्यात बसविले. ‘सूतपुत्राला वरणार नाही’ हे तिचे वाक्य मालिकेमुळे घरोघरी पोहोचले आहे. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात ते नाही, हे मी सांगताच ‘मोठेकाका, तुम्ही मजाच घालवता’ असा शेरा मिळाला.

या साऱ्या जर-तरांत मला एक समान धागा दिसला. प्रत्येकात कर्णाचे मोल दुसऱ्या कोणीतरी त्याच्या पदरात घालावयाचे आहे. कुंतीने कुळ द्यावे, गुरूंनी विद्या द्यावी, द्रौपदीने वरमाला द्यावी. मराठी वाचकाला कर्णाचा कळवळा नवा नाही. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ 1967 मध्ये आले आणि रणजित देसाईंचे ‘राधेय’ 1973 मध्ये. आमच्या पिढीने या दोन पुस्तकांवर डोळे भिजविले आहेत. तरीही, आयुष्यभर कर्जाचे कागद तपासल्यामुळे असेल, माझे लक्ष निराळ्याच ठिकाणी जाते.

माझे जर-तर रंगभूमीवरचे आहे. राजपुत्रांच्या अस्त्रविद्येचे प्रदर्शन चालू आहे. कर्ण येतो आणि अर्जुनाने जे जे केले ते ते करून दाखवितो. तोपर्यंत त्याला कोणाच्याही शिफारशीची गरज पडलेली नाही. मग कृपाचार्य कुळ विचारतात आणि त्याची मान खाली जाते. दुर्योधन पुढे होतो व तत्क्षणी त्याला अंगदेशाचा राजा करतो. मूळ महाभारतात यानंतर एक बारकावा आहे आणि बँकेतल्या माणसाला तो चुकविता येत नाही. राज्य मिळताच कर्ण स्वतःच विचारतो, याच्या तोडीचे मी तुला काय देऊ? दुर्योधन म्हणतो, मला तुझे अखंड सख्य हवे. कर्ण ‘तथास्तु’ म्हणतो. रक्कम ठरली नाही, मुदत ठरली नाही, फेड कधी पूर्ण झाली असे समजावयाचे तेही ठरले नाही. असा करार माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठविला असता.

आणि त्यानंतर, होय, त्यानंतर म्हातारा अधिरथ काठी टेकत, घामाघूम होऊन मंडपात शिरतो. अभिषेकाचे पाणी अजून केसांतून निथळत असलेला कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि भर सभेत त्याच्या पायांवर मस्तक ठेवतो. भीम हिणवितो, चाबूक हाती घे म्हणतो. तरी कर्ण पित्याला झिडकारीत नाही. म्हणजे त्याला सारथ्याचा मुलगा असण्याची लाज नव्हती! मग कृपाचार्यांनी विचारले तेव्हा मान का खाली गेली? अधिरथ घटकाभर आधी आला असता तर? ‘हे माझे वडील, आणि हे माझे बाण’ एवढे बोलून तो मुकुटाविना मंडपाबाहेर पडला असता का? माझी सारी उत्सुकता या एका घटकेत अडकून पडली आहे.

अंगदेश म्हणजे आपल्याला परका मुलूख नव्हे. त्याची राजधानी चंपा, म्हणजेच भागलपूरजवळची आपली चंपापुरी, बाराव्या तीर्थंकर वासुपूज्य स्वामींच्या पाचही कल्याणकांची भूमी. यात्रेला गेलेल्यांपैकी किती जणांना तेथे कर्ण आठवला असेल, कोण जाणे.

मला त्या मंडपाशेजारी एक मुनीमजी आठवतात. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना एका जुन्या पेढीला आमची कॅश क्रेडिटची मर्यादा होती आणि जामीनदार होते पेढीचेच मुनीमजी. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ते येत, चष्मा न काढता सही करीत आणि चहा न घेता जात. पेढी बुडाली. भारतीय करार कायदा 1872, कलम 128 : करारात अन्यथा ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच. मुनीमजींच्या दोन खोल्यांच्या घरावर नोटीस लागली. ते माझ्यासमोर बसले आणि त्यांनी सांगितले, “साहेब, थोरल्या मुलाच्या लग्नात शेठनी मला पंगतीत शेजारी बसविले आणि व्याह्यांना म्हणाले, हे माझे धाकटे बंधू.” एवढेच त्या सह्यांमागचे कारण होते. थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपासून मालसाठ्याची जी पत्रके बँकेकडे येत होती त्यांतील आकडे फुगविलेले होते, आणि ते त्यांच्याच हस्ताक्षरातले होते.

त्या सह्या माझ्या देखत झाल्या होत्या. ‘मुनीमजी, वाचून घ्या’ असे मी एकदाही म्हटले नव्हते. फाईल पूर्ण होण्याची मलाही घाई असे.

द्यूतसभेचा भाग लागला की मला ती पत्रके आठवतात. कर्णाचे चाहते या प्रसंगापाशी अडखळतात. स्वयंवरातील अपमानाचा सूड म्हणून त्याने द्रौपदीला दुरुत्तरे केली, असे त्याच्या वतीने सांगितले जाते. परंतु कर्णाने स्वतः दिलेली साक्ष निराळी आहे. शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्ण त्याला रथात घेतात आणि जन्मरहस्य सांगतात. त्या संभाषणात कर्ण कबूल करतो की पांडवांना मी जी कटू वचने बोललो ती दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून बोललो, आणि त्या कर्माने आज पोळतो आहे. सूड हा शब्दही नाही. धनकोला बरे वाटावे म्हणून! मुनीमजींनी आकडे लिहिले ते याच शाईने.

मात्र याच संभाषणात मला कर्ण सर्वांत उंच दिसतो आणि येथे घरातील तरुणांशी माझे पटत नाही. ते म्हणतात, राज्य मिळत होते, भाऊ मिळत होते, तरी हट्टाने गमावले, हा अहंकार. मला तसे वाटत नाही. नकाराची कारणे सांगताना त्याच्या तोंडी आधी अधिरथ आणि राधा येतात. मला पाहून तिला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, त्यांचे पिंड मी कसे तोडू, असे तो विचारतो. आपला संसार सूतकुळात झाला, मुले-नातवंडे तेथेच, हेही सांगतो. जगाने जे कुळ त्याच्या तोंडावर फेकले होते ते त्या दिवशी त्याने आपण होऊन उचलले. दुर्योधनाचे तेरा वर्षांचे मीठ त्यानंतर येते. त्या एका संध्याकाळी त्याला स्वतःची किंमत ठाऊक होती, असे मी म्हणेन. अडचण इतकीच की तोवर जामीनपत्र बजावणीस निघाले होते.

आता आपल्या ग्रंथांकडे वळतो. जैन परंपरेतील महाभारतात कर्ण सूर्याचा नव्हे, विवाहापूर्वीच्या गुप्त मीलनातून झालेला पांडूचाच पुत्र आहे. देवाचा अंश नाही, शापांची मालिका नाही. कुळाचा प्रश्न आपल्याकडे गोत्रकर्माच्या हवाली असतो. उच्च आणि नीच अशी दोन्ही गोत्रे शेवटी कर्मबंधच, आणि दोन्ही क्षय पावणारी. उत्तराध्ययनातील हरिकेशी मुनी चांडाळ कुळात जन्मले. यज्ञमंडपात त्यांनाही कुळावरून हिणविले गेले, परंतु ते कोणाच्या मुकुटाची वाट पाहत उभे नव्हते. आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणात तर कर्णाची अखेरच निराळी आहे. तो रथाचे चाक उपसताना मरत नाही. कुंडले उतरवून ठेवतो आणि मुनिदीक्षा घेतो. सर्वच जैन कथनांत असे नाही. देवप्रभसूरींच्या पांडवचरित्रात तो रणातच पडतो. भारतीय ज्ञानपीठाने हरिवंशपुराणाची हिंदी अनुवादासह आवृत्ती काढली आहे आणि ‘मृत्युंजय’ला मूर्तिदेवी पुरस्कार देणारी संस्थाही तीच. दोन्ही पुस्तके माझ्या कपाटात शेजारी शेजारी आहेत.

जिनसेनांचा हा शेवट मी सांगितला तेव्हा नातू म्हणाला, “म्हणजे इंद्राला काही मागायची संधीच नाही!” सारे हसले. माझा एक भाचा तेवढा हसला नाही. गाव-नाव सांगत नाही. त्याच्या संमतीने लिहीत आहे. वडील लवकर गेले, काकांनी वाढविले, शिकविले, दुकानाच्या गादीवर बसविले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला गच्चीवर गाठले. “मामा, कर्णाने अंगदेश नाकारला असता तर तो कृतघ्न ठरला असता का?” मी विचारले, “कोणता कागद आहे?” काकांच्या कर्जमर्यादेचे नूतनीकरण होते आणि जामीनदार म्हणून आता त्याचे नाव घालावयाचे होते. रकमेची जागा कोरी होती.

मला जे येते ते मी सांगितले. जामीन ठरावीक रकमेपुरता देता येतो. कलम 130 प्रमाणे पुढील व्यवहारांपुरता तो नोटीस देऊन मागे घेता येतो, पण बँकेच्या छापील मजकुरात या हक्कावर पाणी सोडलेले नाही ना, हे पाहावे. कोऱ्या जागेखाली सही करू नये. तो म्हणाला, “हे सगळे बँकेला सांगता येईल. काकांना काय सांगू?” यावर माझ्याजवळ कलम नव्हते. मी एवढेच म्हटले की काकांसमोर, गादीवर बसूनच, तो कागद पहिल्या ओळीपासून वाच.

त्याने तसे केले. काका ऐकत राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, “तुझे वडील असते तर न वाचता सही केली असती.” भाच्याने उत्तर दिले, “काका, दहा लाखांपर्यंत मी आहे. त्याच्या वर नाही.” काकांनी कागद घडी घालून खणात ठेवला. त्याच रात्री त्यांचा मला फोन आला, “भाऊसाहेब, पोराला काय शिकवून पाठविलेत?” मी म्हटले, वाचावयास. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. नंतर त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

नूतनीकरणाची मुदत या महिनाअखेरीस आहे. कागद अजून खणातच आहे. भाचा रोज साडेनऊला दुकान उघडतो आणि काका साडेदहाला येतात, तेव्हा दोघांचा चहा एकत्रच होतो, असे कळते.