उभ्या ट्रॅक्टरची राखण

मृगाचा पाऊस पडतो, रानाला वाफसा येतो, आणि नेमक्या त्या सकाळी ट्रॅक्टरची चावी फिरवली तर स्टार्टर हूं की चूं करत नाही. बोनेट उघडावे तर बॅटरीच्या कडेला गोणपाटाचे धागे, कडब्याची पाती आणि सोयाबीनची टरफले रचून केलेले बिऱ्हाड, आणि त्याखाली तांबे उघडे पडलेल्या वायरी. मिस्त्री तालुक्याच्या गावी, त्याच्या दारात आधीच चार गाड्या. पेरणीची ओल मात्र कोणासाठी थांबत नाही.

परभणी जिल्ह्यात हे नुकसान सहसा नशिबावर ढकलले जाते. आमच्या मते ते बरेचसे टाळता येते. प्रश्न इतकाच, की ते कोणत्या मार्गाने टाळायचे आणि त्या मार्गाची किंमत कोणी सोसायची.

यंत्रे वर्षातले बरेच महिने उभीच असतात. मळणी यंत्र सोयाबीनला निघते, मग तुरीला, हरभऱ्याला, गव्हाला. उन्हाळा लागला की शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याखाली जाते ते थेट दसऱ्याच्या सुमाराला बाहेर येते. पिकअप, पेरणी यंत्र, फवारणीचा पंप यांचेही तेच. त्याच पत्र्याखाली कडबा असतो, सरकी पेंडीचे पोते असते, पुढच्या पेऱ्याचे बियाणे असते. खायला, अंथरायला आणि लपायला सगळे एकाच ठिकाणी मिळाले तर उंदीर तिथून हलेल कशाला? त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. हल्लीच्या वायरींच्या वेष्टनात सोयाबीनचा अंश असतो म्हणून उंदीर त्या खातात, अशी एक समजूत आहे. अमेरिकेत काही गाडीमालक याच तक्रारीवरून कोर्टातही गेले. पण जुन्या गाड्यांच्या साध्या प्लॅस्टिकच्या वायरीही उंदरांनी कधी सोडल्या नव्हत्या. दोष वायरीपेक्षा जागेचा अधिक.

फरक पडला आहे तो नुकसानीच्या आकारात. जुन्या ट्रॅक्टरला चार वायरी. ढकलून, उतारावर लावूनही तो चालू व्हायचा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांबरोबर कॉमन रेल इंजिने, सेन्सर, त्यांना जोडणाऱ्या वायरींचा सगळा जुडगा आला. तो कुरतडला गेला की मिस्त्रीही हात टेकतो.

मग विष का घालू नये? ही बाजू हलकी नाही. विष स्वस्त आहे, तालुक्याच्या दुकानात मिळते, त्याला रोज उठून बघावे लागत नाही. ज्याच्याकडे एकच पत्र्याची शेड आहे त्याला "कडबा वेगळा ठेवा" असे सांगणे म्हणजे दुसरी शेड बांधा असे सांगणे. शेतातल्या बिळांसाठी झिंक फॉस्फाईडची शिफारस कृषी खातेही करत आले आहे: आधी दोन-तीन दिवस नुसतेच आमिष ठेवून उंदराला चटावायचे, मग त्यात औषध मिसळायचे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांना तेवढाही खटाटोप लागत नाही, कारण त्या खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो आणि बाकीच्यांना संशय येत नाही. वर्षाची पेरणी पणाला लागलेल्या माणसाने पुडी आणली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही.

तरीही उभ्या गाडीजवळ विष हा पहिला उपाय असू नये, असे आम्ही ठामपणे म्हणतो. विष खाल्लेला उंदीर पाण्याच्या शोधात बाहेर जाऊन मरतो हे खरे नाही. तो सीटखाली, हवेच्या नळीत, मळणी यंत्राच्या ड्रममध्ये, जिथे निवारा आहे तिथेच मरतो, आणि तो दर्प महिनाभर जात नाही. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला सुस्त उंदीर मांजराला आणि गव्हाणी घुबडाला आयता सापडतो, आणि विष पुढे सरकते. रोज रात्री उंदीर टिपणारे पाखरू असे मारून आपण पुढच्या सालच्या उंदरांची सोय करतो. मलेशियातल्या पामतेलाच्या मळ्यांत घुबडांसाठी मुद्दाम पेट्या उभारतात. आपल्याकडे अजूनही अपशकुनी म्हणून त्यांना हुसकावले जाते.

याहून मोठे कारण घरातले आहे. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. आखाड्यावर लेकरे खेळतात, आणि पुडी कोनाड्यात राहते. मराठवाड्यातल्या किती घरांनी कर्जाचे आणि नापिकीचे दिवस काढले आहेत हे कोणाला सांगायला नको. अशा घरात निराशेच्या एखाद्या क्षणी विष हाताशी नसणे, एवढ्यानेही जीव वाचतो. धान्यात टाकायच्या फॉस्फाईडच्या गोळ्यांवर सरकारने म्हणूनच निर्बंध घातले आहेत; त्या गोळ्या बंद केबिनमध्ये टाकण्याचा विचारही कोणी करू नये.

शेजारच्या बीड जिल्ह्याचा अनुभवही विसरता कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. तडे गेलेली घरे लोकांनी धान्यासकट सोडली, आणि त्या धान्यावर उंदीर माजले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बीडजवळच्या मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ आली. प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून येतो; उंदीर मेला की पिसवा नवे अंग शोधतात. म्हणून साथीच्या काळात आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, हा आरोग्य खात्याचा नियम आहे. सोडलेली जागा आणि तिथे राहिलेले धान्य, हे दोन एकत्र आले की काय होते ते मामल्याने दाखवले. ऊसतोडीला जाणाऱ्यांची बंद घरे आणि महिनोन्महिने उभी यंत्रे, दोन्हींना ते लागू आहे.

विष नको म्हणून लोक वासाकडे वळतात. डांबरगोळ्या, तंबाखूची पाने, फिनेल, पुदिन्याचे तेल: पहिले काही दिवस उंदीर बिचकतो, मग सरावतो. कानाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना पुराव्याविना दावे न करण्याची ताकीद दिली होती. वायरींना गुंडाळायची तिखटाचा अर्क लावलेली टेप होंडा कंपनी विकते. ती त्यातल्या त्यात उपयोगाची, पण सगळ्या ट्रॅक्टरला किती गुंडाळणार? चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन् तास तडफडतो, आणि सापाची पिल्ले, पाखरेही त्यात अडकतात. तो वापरूच नये.

राहतो तो कष्टाचा मार्ग. यंत्र आत घालण्यापूर्वी ते रिकामे करायचे. मळणी यंत्राच्या चाळण्यांत आणि ड्रमच्या कोपऱ्यांत मूठ-दोन मूठ दाणे राहतात. हवेच्या झोताने ते झाडून काढले की निम्मे आमंत्रण संपते. पिकअपच्या केबिनला पेडलपाशी, गिअरच्या दांड्यापाशी फटी असतात, आणि पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून छोटा उंदीर आत शिरतो. तिथे तारेची घासणी कोंबावी, हवेच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. सायलेन्सरवर डबा पालथा घालावा आणि स्टिअरिंगला फडके बांधून ठेवावे, म्हणजे डबा न काढता कोणी इंजिन चालू करणार नाही. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवून ठेवावा. कुरतडलेली वायर शेजारच्या कडब्याला आग लावू शकते.

ट्रॅक्टर मात्र खालून उघडाच. तो बंद करता येत नाही, म्हणून त्याला अधिक उघडा करायचा: शेडमध्ये असेल तर बोनेट वर करून ठेवायचे आणि आठ-दहा दिवसांनी इंजिन सुरू करायचे. डिझेल जळते हे खरे, पण वायरिंगच्या खर्चापुढे ते थोडे. ताडपत्रीबद्दल आमचे मत लोकांना पटणार नाही कदाचित. जमिनीपर्यंत सोडलेली ताडपत्री धूळ अडवते आणि खाली अंधार करून देते; ती वरच्या वर बांधावी. यंत्र भिंतीपासून आणि कडब्यापासून चार पावले दूर, झाडलेल्या जमिनीवर असावे. दुसरी शेड परवडत नसेल तर गंजी तरी बाहेर, दगडांवर ओंडके टाकून रचावी. भिंतीच्या कडेने चाप लावावेत, कारण उंदीर भिंतीला घासूनच चालतो. पिंजऱ्यातला उंदीर शेजाऱ्याच्या बांधावर सोडणे म्हणजे आपले दुखणे त्याच्या गळ्यात घालणे.

धामणीचे काय, असे जाणते विचारतील. धामण उंदरांची वैरीण आहे, बिनविषारी आहे, कायद्याने संरक्षितही आहे; तिला मारू नये. पण उंदरांच्या मागे धामणच येईल असे नाही, घोणस आणि नागही येतात. म्हणून बोनेटखाली हात घालण्याआधी काठीने हलवावे, आणि लेंड्या कोरड्या झाडू नयेत. फिनेलच्या पाण्याने भिजवून, तोंडाला रुमाल बांधून पुसाव्यात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

हे सगळे एकट्याने करून मात्र भागत नाही. एकाचा आखाडा स्वच्छ आणि शेजाऱ्याचा तसाच, तर उंदीर बांध ओलांडून येणारच. विष वापरायचे झालेच, तर ते घराघरांतून पुड्या वाटून नव्हे. ग्रामपंचायतीने मे महिन्यात, पावसाळ्यातली वीण सुरू होण्याआधी, शिकलेल्या माणसाकडून, कुलुपाच्या आमिषपेट्यांत घालून, उरलेले त्याच दिवशी परत मोजून घ्यावे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा दरवर्षी १८ मेच्या सुमारास परभणीत भरतो. तिथे नव्या यंत्रांच्या रांगेशेजारी एक जुना ट्रॅक्टर आणि एक मळणी यंत्र उभे करावे, आणि ते हंगामानंतर कसे ठेवायचे हे विद्यापीठाच्या अभियंत्यांनी शेतकऱ्यांच्या हातून करून घ्यावे. पेरणीला तेव्हा तीन-चार आठवडे असतात. वायर तुटलेली निघाली तरी तोवर जोडून होईल.