देवाला मराठी समजते

देवाला कोणती भाषा समजते? प्रश्न पोरकट वाटेल. ज्याने माणूस घडवला त्याला माणसाच्या सगळ्याच भाषा समजणार, असे कोणीही सांगेल. पण व्यवहारात आपण असे वागत नाही. देवापुढे उभे राहताना घरातली भाषा आपल्याला अपुरी वाटू लागते. संस्कृतातली गीता ज्ञानेश्वरांनी १२९० साली मराठीत आणली, ती हा समज मोडण्यासाठीच. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो समज पुरता मेलेला नाही. आम्हा ख्रिस्ती तरुणांत तर तो नव्या पोशाखात आला आहे. येशू ख्रिस्ताची उपासना इंग्रजीत केली की ती जरा वरच्या दर्जाची होते, असे आमच्यापैकी अनेकांना वाटू लागले आहे. या समजाविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत.

आमचे गाव राहुरी तालुक्यात. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, आई दुसऱ्यांच्या शेतावर खुरपणीला जाणारी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. उसाचा हंगाम संपला, हिशेबाचे पैसे हाती आले आणि गेल्या मे महिन्यात वडिलांनी ठरवले की आजीचे पाय चालताहेत तोवर तिला चार ठिकाणे दाखवून आणायची. आजी, आई, वडील, धाकटा भाऊ आणि मी असे पाच जण, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून निघालो. थंड हवेची ठिकाणे आमच्या खिशात बसणारी नव्हती. हरेगाव, केडगाव आणि पुण्याला चुलत्यांचे घर, एवढीच आमची सहल. परंतु वर्गात बसून न सुचलेले पुष्कळ काही मला या प्रवासात सुचले.

श्रीरामपूरजवळच्या हरेगावला माझी आत्या राहते. ती कॅथलिक घरात दिलेली, आम्ही प्रॉटेस्टंट. हरेगावला सप्टेंबर महिन्यात मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्याच्या उन्हात मात्र आवार शांत होते. आमच्या पंथात नवस नाहीत, म्हणून वडील टोपी हातात घेऊन बाहेर कडुनिंबाखाली थांबले. आजी मात्र आत गेली. आत कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई कडेवरचे मूल घेऊन मेणबत्ती लावत होती. तिला कोणी धर्म विचारला नाही, तिनेही सांगितला नाही. बाहेर आल्यावर आजी म्हणाली, “आपल्यात नवस नाही, पण माउली म्हटलं की पोटात हलतं.” मला एकदम जाणवले, की वारकरी ज्या शब्दाने ज्ञानेश्वरांना हाक मारतात त्याच शब्दाने नगर भागातला ख्रिस्ती माणूस मरियेला हाक मारतो. हा शब्द कोणत्याही धर्मसभेने ठरवून दिलेला नाही. तो लोकांच्या तोंडून आपसूक आला आहे. श्रद्धा परक्या देशातून आली असेल, पण तिची हाक इथल्या मातीतली आहे.

पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचे होते. वाटेत केडगाव पाहावे म्हणून अहिल्यानगरहून दौंड, तिथे गाडी बदलून केडगाव, असा प्रवास आम्ही केला. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आणि बायकांना याच ठिकाणी आसरा दिला. शाळा, शेती, छापखाना, सारे बायकांच्या हातांनी चालवले. त्यांचे हे कार्य आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्यांचे आणखी एक काम आहे, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. रमाबाईंना संस्कृत लहानपणापासून येत होते, इंग्रजी त्या शिकल्या होत्या. तरीही उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून घेतल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२२ साली मृत्यू येण्यापूर्वी ते त्यांनी तडीस नेले. कोणासाठी? विद्वानांपाशी तर भाषांतरे होतीच. हे काम नुकतीच अक्षरे जुळवायला शिकलेल्या बाईसाठी होते.

मी हे आजीला सांगितले. आजीला सही करता येते, तीही जोडाक्षर चुकवून. ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, “एवढं शिकली, आन् पुन्हा आपल्यासारखंच बोलली?” रमाबाईंवर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण त्यांच्या कामाचे मर्म इतक्या थोडक्यात सांगितलेले मी तरी कुठे वाचलेले नाही. शिक्षणाने माणूस आपल्या माणसांपासून दूर जातो, असे गावाकडे म्हणतात. रमाबाई शिकून शिकून जवळ आल्या. माझ्यासारख्या घरातल्या पहिल्या पदवीच्या उमेदवाराला याहून मोठा धडा कोणता?

तेथून आम्ही पुण्यास चुलत्यांकडे गेलो. चुलते कष्टाने वर आलेले, मनाने उदार. त्यांनी आमचे सारे प्रेमाने केले. रविवारी त्यांच्यासोबत आम्ही उपासनेला गेलो. गिटार होती, ड्रम होता, भिंतीवरच्या पडद्यावर गीतांचे शब्द उमटत होते. तरुण मुले तल्लीन होऊन गात होती, त्यांची भक्ती खोटी आहे असे मी कधीही म्हणणार नाही. पण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सारे इंग्रजीत. आजी दोन तास हात जोडून बसून होती. रात्री जेवणापूर्वी माझ्या चुलत बहिणीने प्रार्थना केली, तीही इंग्रजीत. प्रार्थना संपल्यावर आजी हसून म्हणाली, “आमेन तेवढं कळलं बघ.”

आम्ही सगळे हसलो. पण मला रात्रभर झोप आली नाही. याच आजीने माझ्या चुलत्यांना आणि वडिलांना मांडीवर बसवून प्रभूची प्रार्थना शिकवली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून ती ऐकून पाठ करायची आणि पाठ झालेले मुलांना द्यायची. पाणी शेंदताना, दळताना नारायण वामन टिळकांची भजने ती गायची. ती भजने कोणी लिहिली हेही तिला ठाऊक नव्हते. आमच्या घरातला विश्वास ज्या बाईने जिवंत ठेवला तिलाच आज मुलाच्या घरी देवापुढे पाहुण्यासारखे बसावे लागते! मला वाटते, येथे नुसत्या भाषेचा प्रश्न उरत नाही. जी उपासना आजी आणि नात यांना एका ओळीत बसवू शकत नाही, तिच्यात काहीतरी मोलाचे सांडले आहे.

चुलत्यांची बाजूही मांडली पाहिजे. ते म्हणाले, “आमच्या मंडळीत केरळचे आहेत, तमिळ आहेत, ईशान्येकडचे आहेत. सगळ्यांना जोडणारी भाषा इंग्रजीच. शिवाय पोरांना नोकऱ्या इंग्रजीनेच मिळणार.” यातले पहिले म्हणणे रास्त आहे. शहरात अनेक भाषांची माणसे एकत्र येतात, त्यांना सामाईक भाषा लागणारच. दुसरे म्हणणेही खोटे नाही. मी स्वतः इंग्रजीचा अभ्यास मन लावून करते, कारण उद्या मुलाखतीत तिच्यावाचून अडणार हे मला माहीत आहे. पण नोकरीची भाषा आणि प्रार्थनेची भाषा एकच का असावी? मुलाखतीत माणूस आपली चांगली बाजू दाखवतो, प्रार्थनेत तो आपले रडगाणे गातो. रडायला कोणी शिकवणी लावून भाषा शिकत नाही.

आणि इंग्रजी हीच ख्रिस्ताची भाषा, हे कोणी ठरवले? येशू ज्या गावात वाढला तिथले लोक अरामी बोलत. नव्या करारातील पन्नासाव्या दिवसाची गोष्ट तर प्रत्येक ख्रिस्ती मुलाला ठाऊक असते. पवित्र आत्मा उतरला तेव्हा देशोदेशींच्या लोकांना शिष्यांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. सर्वांना एकच भाषा शिकवण्याचा चमत्कार तेथे घडला नाही. प्रत्येकाची भाषा देवाने पत्करली, हाच तो चमत्कार. मग ज्या धर्माच्या मंडळीचा जन्मच असा झाला, त्यातल्या मुलांनी आपल्या मायबोलीची लाज का धरावी?

गंमत अशी, की प्रत्यक्ष इंग्लंडात जन्मलेल्या माणसाला ही लाज वाटली नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठी आत्मसात केली, ओवी आत्मसात केली, आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. लिपी रोमन, पण भाषा मराठी. इंग्रज माणूस ख्रिस्ताची कथा सांगायला मराठीकडे येतो आणि आम्ही राहुरी तालुक्यातली मुले ती ऐकायला इंग्रजीकडे जातो, यास काय म्हणावे!

आमच्या नगर भागाचा वारसा तर याहून जवळचा. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच निघाले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्यांनी अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्या कित्येक वर्षे दूर राहिल्या, सोवळेओवळे पाळत राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. शाळेचे शिक्षण नाही म्हणावे इतके थोडे. तरीही १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठी गद्याचा मानदंड मानली जातात. अलीकडचे सांगायचे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बायबल आजच्या मराठीत आणणारा हा धर्मगुरू २०२४ साली आपल्यातून गेला. ही सारी माणसे आमची आहेत. पण आमच्या किती मुलांना त्यांची नावे माहीत आहेत?

येथे माझ्या बिगरख्रिस्ती मित्रमैत्रिणींनाही थोडे सांगायचे आहे. “तू ख्रिस्ती, मग मराठी विषय कसा घेतलास?” असे मला या दोन वर्षांत कितीदा तरी विचारले गेले आहे. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसते, हे मी जाणते. पण मित्रहो, सिनेमात ख्रिस्ती पात्र आले की ते मोडकी भाषा बोलते, एवढ्यावरून तुम्ही आमची पारख करता. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या टाळ-पेटीवर कीर्तने करीत आले, ज्यांच्या देवळात बायका जाजमावर बसून अभंग गातात, त्यांना मराठी परकी कशी? आणि एका बाजूने तुम्ही आम्हाला परके समजायचे, दुसऱ्या बाजूने आम्ही स्वतःच परके होत जायचे, असे चालले तर टिळक दांपत्याचा वारसा सांगणार कोण?

आमच्या गावच्या मंडळीत सारे आलबेल आहे, असा माझा दावा नाही. आमची उपासनेची मराठी शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाची आहे. कित्येक शब्द आज कोणी बोलत नाही. तरुण कंटाळतात आणि पळतात, यात सारा दोष तरुणांचा नाही. रमाबाईंनी त्यांच्या काळच्या बाईसाठी भाषा सोपी केली, मग आपण आपल्या काळच्या मुलांसाठी ती सोपी का करू नये? जुने सांभाळायचे म्हणजे ते कुलपात ठेवायचे असे नव्हे.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. शहरातल्या इंग्रजी उपासनेत निदान एक शास्त्रपाठ आणि एक गीत मराठीत असावे. गावातल्या पाळकांनी तरुणांना आजच्या मराठीत नवी भजने रचायला लावावीत. घराघरांतल्या आज्यांच्या तोंडची गाणी आपण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. मी आमच्या आजीची बावीस गाणी या सुट्टीत घेतली आहेत, त्यातली काही कोणत्याच पुस्तकात मला सापडत नाहीत. आपल्या मराठी वाङ्मय मंडळाने वर्षातून एक संध्याकाळ ख्रिस्ती मराठी साहित्याला द्यावी. आणि आपल्या ग्रंथालयात ‘ज्ञानेश्वरी’ जेथे आहे त्याच कपाटात ‘ख्रिस्तपुराण’ही असावे, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. दोघीही ओवीच्याच लेकी आहेत, शेजारी बसल्या तर भांडणार नाहीत.

इंग्रजी शिकू या, हवी तर जर्मनही शिकू या, पोटासाठी आणि ज्ञानासाठी. पण देवाशी बोलताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला कळेल असे बोलू या. त्या माणसाला जे कळते ते देवाला कळत नसेल, असे मानण्याइतका आपला देव लहान नाही.