सूर्यास्ताला लागणारे दिवे आणि उडालेली झोप

"डॉक्टर, झोपेची गोळी लिहून द्या," म्हणत परवा एक गृहस्थ आले. बीपी, शुगर ठीक. चारनंतर चहा बंद. बोलता बोलता त्यांनी मोठ्या कौतुकानं मोबाइलवरचं ॲप दाखवलं. सूर्यास्त झाला की घरातले सगळे स्मार्ट दिवे आपोआप लागतात, साडेअकराला एकदम बंद होतात. रंग पांढराशुभ्र, ६५०० केल्विन. उजेड शंभर टक्के. थोडक्यात, बाहेरचा सूर्य मावळला की यांच्या घरात दुसरा उगवतो!

"सूर्याशी जोडलेले दिवे म्हणजे आरोग्य" ही जाहिरातबाजी मला अजिबात पटत नाही. सूर्यास्ताला दिवा लागणं ही फक्त सोय आहे. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, जूनमध्ये सव्वानऊनंतर. तिथे ती सोय मोठी. मुंबईत वर्षभराचा फरक जेमतेम सव्वा तासाचा. आपल्याकडे दिवेलागणीला बटण दाबायला कोणी ना कोणी उठतंच.

डोळ्याच्या पडद्यात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात आणि निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. पांढऱ्या दिव्यात हा निळा भाग भरपूर. मग रात्री दहालाही मेंदूला दिवसच वाटतो, आणि झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन दबून राहतं. म्हणूनच झोपेआधीचे तीन तास उजेड अगदी कमी ठेवा, असं तज्ज्ञांच्या गटानं २०२२ साली सुचवलं. हे तास मोजायचे ते तुमच्या झोपण्याच्या वेळेपासून मागे. सूर्यास्ताचा तिथे काही संबंध नाही.

तेव्हा ॲप ठेवा, वेळापत्रक बदला. साडेअकराला झोपत असाल तर साडेआठला छतावरचे दिवे बंद आणि कोपऱ्यात एखादाच पिवळसर, २७०० केल्विनचा, मंद दिवा. सकाळी 'सनराइज मोड' लावून जाड पडदे तसेच ठेवणाऱ्यांना तर मी हात जोडतो! ढगाळ सकाळीही बाहेर हजारो लक्स उजेड असतो, घरात दोन-तीनशे. चहाचा कप घेऊन गॅलरीत बसा की.

घरात आजी-आजोबा असतील तर मात्र मिट्ट काळोख नको. रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते फार महागात पडतं. वाटेवर जमिनीलगत मंद पिवळा दिवा हवाच. आणि जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर दिव्यांशी खेळत बसू नका, तपासून घ्या.

त्या गृहस्थांना गोळी दिली नाही. जरा नाराज होऊनच गेले. तीन आठवड्यांनी बोलावलंय, मोबाइल घेऊन.