पहारा नव्हे, पारख

तरुण पिढीच्या अभिरुचीविषयी चिंता करणे हा वडीलधाऱ्यांचा जुना हक्क आहे, आणि आपल्या बडोद्यातील मराठी घरांनी तो कधी सोडलेला नाही. दांडिया बाजारात वा रावपुऱ्यात चार जुनी माणसे एकत्र बसली, की बोलणे थोड्याच वेळात मुलांच्या हातातील मोबाइलवर येते. मुले गाणे अर्धवट ऐकतात, बातमी अर्धवट वाचतात, आणि जे सर्वांनी पाहिले तेच चांगले मानतात, अशी तक्रार होते आणि चहाबरोबर संपते. ही तक्रार खोटी नाही. परंतु ज्याची तक्रार करावयाची ते मुलांना शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. शाळा म्हणते घराने शिकवावे, घर म्हणते शाळेने. आणि या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत बाजार आपले शिक्षण विनामूल्य देत राहतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लोकप्रिय माध्यमांचा समाजावर प्रभाव पडणे हे काही आजचे नाही. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. तिला श्रीमंत सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, हे बडोदेकरांना सांगावयास नको. रंगभूमीवर बालगंधर्व जशी साडी नेसत, जशी केशरचना करीत, जसे दागिने लेत, तसेच सुस्थित मराठी घरांतील स्त्रिया नेसू-लेवू लागल्या. एका पुरुषाने उभ्या केलेल्या स्त्रीरूपावरून खऱ्या स्त्रियांनी आपली वेषभूषा ठरवावी, याहून माध्यमाच्या सामर्थ्याचा मोठा पुरावा कोणता? आज नात एखाद्या नटीसारखे केस ठेवते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या पणजीचे जुने छायाचित्र एकवार काढून पाहावे.

यंत्राचेही तसेच. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जानच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले आणि आपल्या संगीतात तबकडी शिरली. तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. तासभर फुलणारा ख्याल त्या मापात बसवावा लागला. आलापी आखूड झाली, तान लवकर येऊ लागली, आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना तेवढाच राग खरा वाटू लागला. पण याच तबकडीने आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेबांचा आवाज आपल्यासाठी राखून ठेवला. खाँसाहेब १९५० साली गेले. आज बडोद्यात त्यांना ओळखणारा जवळजवळ प्रत्येकजण त्यांना ध्वनिमुद्रणातूनच ओळखतो. तात्पर्य, यंत्र तोडते आणि जपतेही. काय तुटले व काय जपले गेले हे ओळखता येणे, यालाच शिक्षण म्हणावयाचे.

मग मुलांपासून हे सारे दूर ठेवले तर? हा प्रयोगही आपल्या देशाने करून पाहिला आहे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते स्वतः मराठी, संगीताचे जाणते, आणि हेतूने शुद्ध होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते, म्हणून आकाशवाणीवर त्यांनी या गीतांना बांध घातला. परिणाम काय झाला? लोकांनी सुई फिरवून सिलोन लावले. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र घरोघर तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला स्वतःच 'विविध भारती' काढून चित्रपटगीते वाजवावी लागली. २०२० साली याचीच आवृत्ती पाहावयास मिळाली. कारण अगदी निराळे, सरहद्दीवरील तणावाचे आणि सुरक्षिततेचे होते. पण जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैतच इन्स्टाग्रामने आपल्या देशात 'रील्स' आणले. मुलांनी घर बदलले, सवय बदलली नाही. पहाऱ्याने वाट बदलते, ओढ बदलत नाही, हा दोन्ही वेळचा धडा आहे.

शिवाय केसकरांचा बांध ज्यावर होता ते सारेच त्याज्य होते काय? त्याच १९५२ साली 'बैजू बावरा' चित्रपट आला. त्यात इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा आणि पंडित द. वि. पलुसकरांचा स्वर होता, आणि ज्यांनी मैफलीचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता अशा लाखोंच्या कानी राग पोहोचला. उलटपक्षी आकाशवाणीनेही लोकप्रियतेचे वावडे धरले नाही तेव्हा काय घडते, हे १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने दाखविले. गदिमा आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची छप्पन गीते आठवड्यामागून आठवडा प्रसारित झाली आणि ती अवघ्या मराठी समाजाची झाली. तेव्हा 'लोकप्रिय' म्हणजे हलके आणि 'अभिजात' म्हणजे थोर, ही वाटणी मुलांना शिकवू नये. ती खोटी आहे, आणि मुलांना ती खोटी असल्याचे आपल्या आधी कळते.

मग शिकवावयाचे काय? प्रस्तुत लेखक दरबारी गवयाच्या घरात वाढला, आणि त्या घरात एक गोष्ट लपलेली नव्हती: गाणे कोणाच्या अन्नावर चालते. बडोदे संस्थानात 'कलावंत कारखाना' नावाचे खाते होते. गवई, बीनकार, तबलजी हे सारे त्याच्या हजेरीपटावरचे नोकर. कोणी केव्हा गावे, कोठे गावे, हे ठरविणारा धनी होता आणि त्याचे नाव सर्वांना ठाऊक होते. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. धन्याची मर्जी कलेवर चाले, आणि सामान्य माणूस दाराबाहेर राही. पण धनी दिसत होता. आजचा धनी दिसत नाही, हा मुख्य फरक आहे.

गीतमालेचेच उदाहरण घ्या. तिचा खर्च दंतमंजनाच्या कंपनीने उचलला होता. कोणते गाणे कोणत्या पायदानावर, हे दुकानांतील तबकड्यांच्या खपावरून आणि श्रोता संघांच्या पत्रांवरून ठरे. म्हणजे विक्रीने क्रम ठरे, क्रमाने मागणी वाढे, आणि मागणीने पुन्हा विक्री. आजच्या मोबाइलवरही हेच चक्र आहे, फक्त ते आठवड्याऐवजी क्षणाक्षणाला फिरते, आणि प्रत्येक मुलासाठी निराळे फिरते. मुलगा कोठे थांबला, काय पुन्हा पाहिले, काय सरकवून दिले, याची नोंद होते व त्यावरून पुढचे ताट वाढले जाते. मुलाला वाटते आपण निवडले. वस्तुतः त्याचे लक्ष हाच तेथील विकाऊ माल असतो आणि जाहिरातदार हा गिऱ्हाईक.

या व्यवहाराची खूण गाण्याच्या अंगावरही उमटते. अमेरिकेतील अग्रक्रमाच्या गाण्यांच्या एका अभ्यासात असे दिसून आले, की १९८६ च्या सुमारास गायन सुरू होण्यापूर्वीचे वादन सरासरी २० सेकंदांहून अधिक असे, ते २०१५ पर्यंत सुमारे ५ सेकंदांवर आले. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले म्हणजे ते 'ऐकले' असे मोजले जाते. 'रील्स' आले तेव्हा त्यांची मर्यादा १५ सेकंदांची होती. तबकडीने ख्यालाला तीन मिनिटे तरी दिली होती. आलापाचा पहिला षड्ज नीट लावावयासही न पुरणाऱ्या वेळात ज्या मुलाच्या कानाला निकाल द्यावयाची सवय लागली, त्याला पुढे विलंबित एकताल 'संथ' नव्हे तर 'बंद पडलेला' वाटतो. हा त्याचा दोष नव्हे, सरावाचा परिणाम आहे. आणि सरावाने लागलेली सवय सरावानेच सुटते, हे गाणे शिकविणाऱ्या कोणासही ठाऊक असते.

हा विषय वर्गात आणण्याचा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये लीव्हिस आणि थॉम्पसन यांनी १९३३ सालीच 'कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट' हे पुस्तक लिहून शाळेतील मुलांना जाहिराती आणि लोकप्रिय वाचन तपासावयास शिकविण्याची योजना मांडली. त्यांचा रोख लोकप्रिय संस्कृतीपासून मुलांना वाचविण्याचा होता. तीस वर्षांनी, १९६४ साली, स्टुअर्ट हॉल आणि पॅडी व्हॅनेल यांनी 'द पॉप्युलर आर्ट्स'मध्ये ती भूमिका पुढे नेली: लोकप्रिय कलेविरुद्ध लढावयाचे नसून लोकप्रिय कलेतच चांगल्या-वाइटाचा विवेक करावयाचा. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेने २००७ साली काढलेल्या सातवीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात प्रसारमाध्यमे आणि जाहिरात यांवर स्वतंत्र धडे होते. परंतु धडा पाठ करून पाच गुण मिळविणे निराळे, आणि संध्याकाळी हातात मोबाइल असताना तो आठवणे निराळे.

आमच्या मते आठवी ते दहावीच्या मुलांसाठी काम साधे आहे. त्यांना आवडणाऱ्या वस्तूपासूनच आरंभ करावा. 'सैराट' घ्या. २०१६ चा हा चित्रपट जातिभेदापायी दोन तरुण जिवांचा घात कसा होतो ते सांगतो. त्यातील 'झिंगाट' मात्र चित्रपटातून सुटून वरातीत शिरले, आणि मराठीचा एक शब्द न कळणारे आपले गुजराती शेजारीही त्यावर मनसोक्त नाचले. २०१८ साली 'धडक'मध्ये ते हिंदीतही आले. मुलांना विचारावे: गाणे चित्रपटातून वेगळे काढल्यावर काय मिळाले आणि काय गळून पडले? ज्या वरातीत जात पाहून सोयरीक झाली, त्याच वरातीत हे गाणे वाजते, याचा अर्थ काय? या एका प्रश्नावर चौदा वर्षांची मुले जे बोलतील ते उपदेशाच्या दहा व्याख्यानांत सापडावयाचे नाही.

दुसरे, गाण्याचा तुकडा आणि गाणे शेजारी ठेवावे. जो पंधरा सेकंदांचा भाग सर्वत्र वाजतो तो आधी ऐकवावा. मग संपूर्ण गाणे. मग ते ज्या रागाच्या छायेत असेल त्या रागाची दहा मिनिटे. कोणताही निकाल शिक्षकाने देऊ नये. तिसरे, एका संध्याकाळचा हिशेब मुलांनी स्वतः मांडावा: किती वेळ पाहिले, त्यात आपण शोधून काढलेले किती आणि समोर आणून ठेवलेले किती. चौथे, जाहिरात ओळखावी. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची भलावण करणाऱ्यांनी ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे, असे मार्गदर्शक नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली केले. ती सूचना कोठे, किती लहान अक्षरांत असते, ते मुलांनीच हुडकावे. मुलांना फसविले गेलेले आवडत नाही; हा त्यांचा स्वभाव शिक्षकाच्या उपयोगी पडतो.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. एखाद्या मुलाने मारवा न ऐकता आयुष्य काढले तर त्यात आम्हांस खेद वाटेल, पण जगाचे फारसे बिघडणार नाही. परंतु तुकड्यावरून निकाल देणारे मन गाण्यापाशी थांबत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ती भटक्या जमातीची, भिक्षा मागून पोट भरणारी निरपराध माणसे होती. त्या काळात मुले पळविण्याच्या अफवांबरोबर देशभर एक चित्रफीत फिरत होती. ती मुळात कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी सावध करणारी जाहिरात होती. तिचा शेवट कापून टाकल्यामुळे अभिनय हा गुन्ह्याचा पुरावा बनला. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास मर्यादा घातली. पण बोटाला मर्यादा घालता येते, मनाला नाही. 'हे पुरते आहे की तुकडा? कोणी केले? कोणासाठी? कोणाच्या खर्चाने?' हे चार प्रश्न ज्याला गाणे ऐकताना विचारावयाची सवय लागली, तो संदेश पुढे धाडतानाही ते विचारील, अशी आशा धरावयास जागा आहे.

आता घरांविषयी. आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखाबाहेर नांदली. येथे मराठी टिकली ती कीर्तनाने, नाटकाने, गणेशोत्सवाने आणि आजीच्या बोलण्याने. आज पुष्कळ मुलांच्या कानी मराठी पडते ती दूरचित्रवाणीच्या मालिकांतून आणि मोबाइलमधून. ती तेथून येते म्हणून तिचा तिरस्कार करू नये. पण तेवढीच तिची इयत्ता आहे असेही मुलांना वाटू देऊ नये. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली याच शहरात गायनशाळा निघाली, आणि दरबारात कोंडलेले गाणे सामान्य घरांतील मुलांना स्वरलिपीने शिकविले जाऊ लागले. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. त्या काळीही जाणत्यांनी नाके मुरडली असतीलच. पण ज्ञान चार भिंतींत राखण्यापेक्षा ते पारखण्याची शक्ती पुष्कळांना द्यावी, असा निर्णय या शहराने तेव्हा घेतला होता.

तोच निर्णय आज पुन्हा घ्यावयाचा आहे. त्यासाठी मोठा निधी नको, समिती नको. वडीलधाऱ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाशेजारी बसावे, तो जे ऐकतो ते शेवटपर्यंत ऐकावे, आणि मग आपले एक गाणे त्याला शेवटपर्यंत ऐकवावे. मध्ये बोलू नये. नंतर दोघांनी बोलावे. ज्या घरात मुलाचे गाणे अपमान न होता ऐकले जाते, त्या घरातच आजोबांचे गाणेही ऐकले जाईल.