विश्लेषण : ५० कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे चित्र किती खरे?

समुद्रतळावर रांगणारा, अंगभर खवल्यांचे चिलखत असलेला प्राणी. मोबाइलवर असे रंगीत चित्र दिसले की ते फोटोइतके खरे वाटते. पण त्यातले किती दगडात सापडले आणि किती अंदाजाने भरले, हे चित्राखाली क्वचितच लिहिलेले असते. ते लिहायलाच हवे. का, हे 'हॅल्किएरिया' या प्राण्याच्या शोधातून कळते.

तुकडेच का सापडतात?

प्राणी मेला की मऊ शरीर कुजते, चिलखताचे तुकडे सुटतात आणि विखुरतात. पुढे चुनखडक सौम्य आम्लात विरघळवून हे बारीक तुकडे वेगळे काढले जातात. अडचण अशी की, एकाच प्राण्याच्या अंगावर वेगवेगळ्या आकारांचे खवले असतात. त्यामुळे एका प्राण्याचे तुकडे अनेक जातींच्या नावावर जाऊ शकतात.

अंदाज कुठे चुकला?

हॅल्किएरियाला १९६७ मध्ये नाव मिळाले ते डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावरील सुट्या तुकड्यांवरून. १९८४ मध्ये स्टेफान बेंगट्सन आणि सायमन कॉनवे मॉरिस यांनी कॅनडात सापडलेल्या 'विवाक्सिया'शी त्याची तुलना केली आणि गोगलगायीसारख्या खवलेधारी प्राण्याचा अंदाज मांडला.

१९८९ मध्ये उत्तर ग्रीनलंडमधील सिरियस पासेट येथे अखंड जीवाश्म मिळाले. लांबट अंग, सुमारे दोन हजार खवले; अंदाज बराचसा जुळला. पण अंगाच्या दोन्ही टोकांना एकेक शिंपलाही होता. तो अंदाजात नव्हता. याच शिंपल्यांमुळे हा प्राणी गोगलगायीच्या कुळातला की 'ब्रॅकिओपॉड' या शिंपलेधारी गटाच्या जवळचा, हा वाद रंगला.

मग चित्रे काढूच नयेत?

काढावीत. अंदाज मांडल्याशिवाय तो तपासताही येत नाही. अंदाज वेगळा दाखवला तर वाचक गोंधळेल, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात उलटे घडते. आधी सगळे खात्रीचे म्हणून दाखवायचे आणि नंतर चित्र बदलायचे, यानेच 'शास्त्रज्ञ रोज नवे सांगतात' असा समज पसरतो.

उपाय सोपा आहे. सापडलेला भाग गडद रंगात, अंदाजाचा भाग फिकट रंगात दाखवावा आणि खाली एक ओळ लिहावी. पाठ्यपुस्तके, संग्रहालये आणि बातम्यांच्या वेबसाइट्सना हे सहज जमेल. आता एआय क्षणात हुबेहूब चित्र बनवते, तेव्हा ही ओळ जास्तच गरजेची आहे.